रेषीय फलांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार: या चुका टाळा

फ(क्ष) = ३क्ष + ५ आणि ग(क्ष) = २क्ष − ७ ही दोन रेषीय फलं, म्हणजे ज्यांचा आलेख सरळ रेषा येतो अशी फलं (functions) घेऊ. बेरजेत सहसा कुणी अडत नाही. क्षची पदं एकत्र, स्थिर पदं एकत्र, उत्तर ५क्ष − २. गाडं अडतं ते वजाबाकीत.

फ − ग करताना बरेच जण थेट ३क्ष + ५ − २क्ष − ७ असं लिहितात आणि उत्तर क्ष − २ काढतात. वजाचं चिन्ह फक्त २क्षला लागलं, −७ तसेच राहिले. पण वजा करायचं आहे ते अख्खं ग. म्हणून आधी कंस घाला: (३क्ष + ५) − (२क्ष − ७). कंस सोडवताना आतल्या प्रत्येक पदाचं चिन्ह बदलतं, −७ चे +७ होतात आणि उत्तर येतं क्ष + १२. एक पायरी वाचवायला कंस गाळू नका. भराभर गणितं सोडवणारी हुशार मुलंही नेमके इथेच गुण घालवतात, आणि ते बघून खरंच हळहळ वाटते.

गुणाकारात पहिल्याला पहिल्याने, शेवटच्याला शेवटच्याने गुणून ६क्ष² − ३५ लिहिलं जातं. मधली दोन पदं, −२१क्ष आणि +१०क्ष, गळूनच जातात. बरोबर उत्तर ६क्ष² − ११क्ष − ३५. क्ष² दिसला म्हणून बिचकून खोडू नका. दोन्ही फलांत क्ष असेल तर गुणाकार रेषीय राहतच नाही, त्याचा आलेख अन्वस्त (पॅराबोला) असतो. फ(ग(क्ष)) मात्र वेगळं. तिथे क्षच्या जागी ग ठेवायचं: ३(२क्ष − ७) + ५, म्हणजे ६क्ष − १६.

भागाकारात वरचा क्ष आणि खालचा क्ष उडवण्याचा मोह आवरा. उडवता येतो तो अवयव, म्हणजे गुणाकारातला घटक, बेरीज-वजाबाकीतलं सुटं पद नव्हे. (६क्ष − २१) ÷ (२क्ष − ७) मध्ये वरून ३ सामाईक काढले की अख्खा कंस जातो आणि ३ उरतात. तरीही क्ष ≠ ७/२ ही अट लिहावीच लागते, कारण तिथे मूळ छेद शून्य होतो.

शंका आली तर ताळा घ्या, पण ० किंवा १ घालून नको. ० घातल्यावर फक्त स्थिर पदं तपासली जातात: वरचं चुकीचं ६क्ष² − ३५ सुद्धा −३५ देऊन सुटतं. १ घातला तर क्ष आणि क्ष² यांतला फरकच दिसत नाही. २ घ्या. फ = ११, ग = −३, गुणाकार −३३. ६क्ष² − ११क्ष − ३५ मध्ये २ घातले तर २४ − २२ − ३५ = −३३, जुळलं. ६क्ष² − ३५ मधून येतात −११, म्हणजे मधली पदं कुठेतरी गळाली आहेत.