यकृत-मूत्रपिंड संरक्षणाच्या प्रयोगांत या चुका टाळा

गोव्यात कावीळ म्हटली की भुईआवळा आठवतो, आणि म्हणूनच आमच्याकडील एम. फार्म.चे विद्यार्थी औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या व मूत्रपिंडाच्या हानीवर वनस्पतींचे अर्क तपासण्याचा विषय आवडीने घेतात. विषय मोलाचा आहे. मात्र प्रबंध तपासताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा समोर येतात, याचा मला मनापासून त्रास होतो.

सर्वांत घातक चूक द्रावकाची. काही वर्षांपूर्वी किराईताच्या अर्कावरील एक प्रबंध माझ्याकडे आला होता. अर्क पाण्यात विरघळेना, म्हणून तो डीएमएसओमध्ये (डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकात) विरघळवून उंदरांना दिलेला होता. यकृताला हानी व्हावी म्हणून पॅरासिटामॉल दोन्ही गटांना दिले होते, पण अर्काविना केवळ पॅरासिटामॉल दिलेल्या गटाला डीएमएसओऐवजी सलाइन दिले होते. अर्काच्या गटात एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे विकर) जवळजवळ सामान्य होते आणि सूक्ष्मदर्शकाखाली यकृताचे छेदही स्वच्छ दिसत होते. मी आणखी एक गट घ्यायला सांगितला: पॅरासिटामॉल आणि तेवढेच डीएमएसओ, अर्काविना. त्या गटातील यकृतेही तितकीच सुरक्षित निघाली. पॅरासिटामॉल स्वतः यकृत जाळत नाही. सीवायपी2ई1 हे यकृतातील विकर त्यापासून एनएपीक्यूआय नावाचे विषारी द्रव्य बनवते, ते ग्लुटाथायोन हे पेशींचे संरक्षक द्रव्य संपवते आणि मग पेशींतील प्रथिनांना चिकटते. डीएमएसओ हे विकरच रोखते, त्यामुळे विष तयारच होत नाही. अल्कोहोल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल यांच्याबाबतही हाच धोका आहे. मी स्वतः अर्क खलून 0.5 टक्के कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोजमध्ये त्याचे निलंबन करतो आणि पॅरासिटामॉलसोबत अर्काविना केवळ तेच द्रावक दिलेला गट नसेल, तर प्रयोग सुरूच करू देत नाही.

हाच तर्क वेळेलाही लागू होतो. आठवडाभर आधी अर्क पाजायचा, मग पॅरासिटामॉल द्यायचे आणि निष्कर्षात 'उपचार' असा शब्द लिहायचा, हे मला मान्य नाही. रुग्ण दवाखान्यात येतो तो गोळ्या घेतल्यानंतर. अर्क विषबाधेनंतर दीड-दोन तासांनी देऊन पाहावा, आणि तुलनेला केवळ सिलिमरिन (यकृतरक्षक म्हणून वापरले जाणारे वनस्पतिजन्य द्रव्य) न घेता एन-ॲसिटिलसिस्टीनही घ्यावे, कारण पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर उतारा म्हणून प्रत्यक्षात तेच वापरले जाते. आधीच अर्क द्यायचा असेल, तर पॅरासिटामॉलनंतरच्या पहिल्या तासाभरात यकृतातील ग्लुटाथायोन मोजावे. ते मुळात उतरलेच नसेल, तर विष तयारच झाले नाही, आणि अर्काने पेशी वाचवल्या असे म्हणता येत नाही. या मोजणीला आणखी काही प्राणी आणि एक दिवस लागतो, एवढ्याच कारणाने ती गाळली जाते.

वनस्पतीची ओळख पटवण्यातही अशीच घाई होते. पावसाळ्यात बांधावर भुईआवळ्यासारख्या दिसणाऱ्या अनेक प्रजाती एकत्र उगवतात आणि भारतात 'फायलँथस निरुरी' म्हणून नोंदवलेली झाडे पुष्कळदा 'फायलँथस अमारस' असतात. म्हापशाच्या बाजारातून सुकी जुडी आणून काम सुरू करू नये. फुलाफळांसह नमुना दाबून वनस्पतिशास्त्रज्ञाकडून ओळख पटवून घ्यावी आणि त्याचा क्रमांक नोंदवावा.

रक्त काढताना पेशी फुटल्या, तर एसजीओटी (यकृतहानी मोजण्यासाठी पाहिले जाणारे आणखी एक विकर) खोटे वाढते. असा नमुना टाकून द्यावा.

पॅरासिटामॉलसाठी रॅटपेक्षा (मोठ्या उंदरापेक्षा) माउस (छोटा उंदीर) घ्यावा, कारण रॅट या विषाला फारशी दाद देत नाही.

शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने रॅटमधील प्रतिकिलो 500 मिलिग्रॅम म्हणजे 60 किलोच्या माणसाला जवळपास 5 ग्रॅम अर्क. हा हिशेब प्रयोग आखतानाच करावा.

मूत्रपिंडाच्या प्रयोगांत सिसप्लॅटिन या कर्करोगावरील औषधाची एक मात्रा देऊन दुसऱ्याच दिवशी रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडले की वाढणारे द्रव्य) पाहणारे विद्यार्थी मला भेटतात. हानी ठळक व्हायला तीन ते पाच दिवस लागतात आणि जेंटामायसिन या प्रतिजैविकाला तर रोजच्या मात्रेने साधारण आठवडा लागतो. शिवाय मूत्रपिंडाची बरीच कार्यक्षमता गेल्याशिवाय क्रिएटिनिन वाढत नाही, म्हणून त्याच्या जोडीला मूत्रातील किम-1 (मूत्रपिंडाच्या इजेचे निदर्शक प्रथिन) आणि ऊतीचे छेद हवेतच.

हानी करणाऱ्या औषधाविना केवळ अर्क दिलेला गटही अनेकजण खर्च वाचवण्यासाठी वगळतात. आपल्या परसात वाढणाऱ्या बिंबलीत ऑक्झॅलेट भरपूर असते आणि तिचा रस भरपूर प्यायल्याने मूत्रपिंड अचानक निकामी झालेले रुग्ण केरळमध्ये नोंदले गेले आहेत. अशा आंबट फळांचा अर्क तपासताना त्या गटाच्या मूत्रातील स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहावेत आणि मूत्रपिंडाचे छेद ध्रुवित प्रकाशात तपासावेत, कारण ऑक्झॅलेटचे स्फटिक त्या प्रकाशात स्पष्ट चमकतात.