अर्थशास्त्र-फायनान्स शिकताय? मग या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मुलं एम.ए.-एम.कॉम.च्या प्रकल्पाचा मसुदा घेऊन येतात, तेव्हा सुरुवातीची काही पानं चाळली तरी पुढे कुठे घोळ असणार ते कळतं. चुका दरवर्षी त्याच. त्यातली एक फारच चिवट आहे, म्हणून आधी तीच घेतो.

भाव आणि आवक यांच्यातून ओढलेली रेघ म्हणजे मागणी वक्र नव्हे

रावेरकडच्या एका विद्यार्थिनीने केळीवर प्रकल्प केला होता. मुलगी मेहनती. महिनावार आवक आणि भाव गोळा केले, एक्सेलमध्ये ठिपके टाकले, ट्रेंडलाइन ओढली. रेघ वर चढली. भाव जास्त त्या महिन्यात विक्रीही जास्त. भाव वाढला की मागणी घटते, हा मागणीचा नियम. तिने लिहून टाकलं, ‘केळीला मागणीचा नियम लागू होत नाही.’ तोंडी परीक्षा तोंडावर आलेली.

मी सगळ्यात वरच्या ठिपक्यावर बोट ठेवून विचारलं, ‘‘हा कोणता महिना?’’

‘‘श्रावण, सर.’’

‘‘श्रावणात काय होतं?’’

‘‘उपास असतात. उत्तरेकडे गाड्या जास्त भरतात...’’ आणि ती बोलता बोलता थांबली. चूक तिची तिलाच दिसली होती.

श्रावण, नवरात्र, रमजान या दिवसांत मागणीच वाढते. अख्खा मागणी वक्र (कोणत्या भावाला गिऱ्हाईक किती माल घेईल ती रेघ) उजवीकडे सरकतो आणि भाव-विक्री दोन्ही पुरवठा वक्रावरून (कोणत्या भावाला किती माल विकायला येईल त्या रेघेवरून) वर जातात. म्हणजे तिने जी रेघ मागणीची म्हणून ओढली, ती बरीचशी पुरवठ्याची होती. बाजारातला प्रत्येक ठिपका हा मागणी आणि पुरवठा जिथे छेदतात तिथला असतो; कोण हललं हे तो स्वतःहून सांगत नाही. १९१४ साली अमेरिकेत हेन्री मूर यांनी पिग आयर्नच्या, म्हणजे भट्टीतून निघणाऱ्या कच्च्या लोखंडाच्या बाबतीत असाच वर चढणारा मागणी वक्र मांडला होता. त्यातली गडबड एल्मर वर्किंग यांनी १९२७ मध्ये स्पष्ट केली. इतकी जुनी गोष्ट पाठ्यक्रमात असूनही मुलं तिथेच अडखळतात, कारण एक्सेल दोन क्लिकमध्ये रेघ काढून देतं आणि रेघ आली की उत्तर आलं असं वाटतं.

माझी सवय अशी, की आलेखाची छापील प्रत घ्यायची आणि प्रत्येक ठिपक्याशेजारी पेन्सिलीने महिना व कारण लिहायचं. उन्हाळ्याच्या शेवटी वादळाने बागा आडव्या झाल्या, तर पुढच्या काळात पुरवठा घटतो. दिल्लीच्या गिऱ्हाइकाची मागणी मात्र वादळाने बदललेली नसते. असे ठिपके वेगळे काढा; तिथे फक्त पुरवठा हललेला असतो, म्हणून मागणी वक्राचा माग तिथे लागतो. मृगबाग आणि कांदेबाग या केळी लागवडीच्या दोन हंगामांचा माल कधी येतो, बुऱ्हाणपूरच्या केळी बाजारात भाव काय होता, हेही लिहा. घरी केळी असणाऱ्या पोरांना हे सगळं माहीत असतं, पण प्रकल्प लिहायला बसले की ते बाजूला ठेवतात आणि गाइडमधली व्याख्या उतरवतात. याचं मला खरोखर वाईट वाटतं. कारणांशिवाय आलेली ट्रेंडलाइन मी वाचत नाही, मसुदा परत देतो.

‘१० टक्के फ्लॅट’ म्हणजे १० टक्के नव्हे

दुचाकीसाठी १ लाखाचं कर्ज, ३ वर्षं, १० टक्के फ्लॅट. व्याज ३०,००० रुपये, हप्ता ३,६११ रुपये. कर्जावरच्या प्रकल्पात मुलं बिनदिक्कत ‘व्याजदर १० टक्के’ लिहितात आणि त्याची तुलना बँकेच्या घटत्या शिलकीवरच्या, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच लावलेल्या दराशी करतात. अहो, मुद्दल दर महिन्याला फिटतंय! शेवटच्या वर्षी लाखभर रुपये तुमच्याकडे नसतातच, व्याज मात्र पूर्ण लाखावर लावलेलं. घटत्या शिलकीने मोजलं तर हा दर जवळपास १८ टक्के निघतो. एक्सेलचं ‘रेट’ सूत्र तो लगेच देतं, तरी मी पहिले काही हप्ते हाताने सोडवायला लावतो. पहिल्या हप्त्यात सुमारे १,४९३ रुपये व्याजात जातात, २,११८ मुद्दलात. हे एकदा स्वतः लिहिलेला विद्यार्थी पुन्हा फसत नाही.

आता भराभर

पुढे मिळणाऱ्या रकमांचं आजचं मूल्य काढणारं एक्सेलचं ‘एनपीव्ही’ सूत्र पहिली रक्कम वर्षअखेरीची धरतं. आज घातलेली गुंतवणूक सूत्राच्या बाहेर ठेवून वजा करा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ६.५० टक्क्यांवरून ६.२५ झाला. ही ०.२५ टक्का-बिंदूंची (दोन दरांतली सरळ वजाबाकी) कपात, ०.२५ टक्क्यांची नाही. मूळ ६.५० च्या तुलनेत टक्क्यांत ती ३.८५ भरते.

महागाईचा दर उतरला म्हणजे वस्तू स्वस्त झाल्या असं नाही. भाव वाढतच आहेत, वेग कमी झालाय.

१ अब्ज म्हणजे १०० कोटी. परदेशी तक्ते उतरवताना शून्यं मोजा.

विप्रो १९४५ साली जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरची कंपनी म्हणून सुरू झाली, त्यामुळे आपल्याकडे तिच्या शेअरवर प्रकल्प हमखास होतात. पण डिसेंबर २०२४ मध्ये एकास एक बोनस (एका शेअरमागे एक शेअर फुकट) मिळाल्यावर भाव निम्म्यावर आला, आणि त्याला ‘एका दिवसात मोठी घसरण’ म्हणणारे मसुदे माझ्यासमोर आले. भागधारकाकडचे शेअर त्याच वेळी दुप्पट झाले होते. परतावा काढताना बोनस आणि स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर करणं) धरून दुरुस्त केलेलाच भाव घ्या, नाहीतर सगळा तक्ता वाया.

पहिल्याच सत्रात ऑप्शन

याबद्दल मी कडक आहे. मुलगा पहिल्या वर्षाला येतो आणि ऑप्शनची, म्हणजे ठरल्या भावाने शेअर घेण्या-विकण्याच्या हक्काच्या सौद्यांची, ‘स्ट्रॅटेजी’ विचारतो. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर १०० वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ जणांना तोटा झाला, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. बापाने कपाशी विकून भरलेल्या फीच्या पैशांतून असे सौदे करू नयेत. अशा मुलाला मी आधी वरचं दुचाकीच्या कर्जाचं कोष्टक ३६ हप्त्यांपर्यंत कागदावर पूर्ण करून आणायला सांगतो. ते बरोबर आलं, की ऑप्शनच्या किमतीत मुदत आणि चढ-उतार कसे शिरतात हे शिकवायला मी बसतो.