कराडला फ्लाइंगला जाताना: आदल्या रात्रीपासूनची तयारी

मी पलूसहून कराडला विमान शिकायला जातो, नोकरी सांभाळून, शनिवार-रविवार. दोन सीटचं सेसना १५२ आहे. लोक भेटले की पहिल्यांदा विचारतात खर्च किती, मग विचारतात भीती वाटत नाही का, पण तयारी काय करायची हे कोणी विचारत नाही, आणि मला तर वाटतं निम्मं उडणं त्या तयारीतच होऊन जातं. म्हणून मी जे करतो ते सगळं सलग लिहून काढतोय.

कागदपत्रांचं आधी उरकून घेतो. वय १६ पूर्ण आणि दहावी पास असेल तर स्टुडंट लायसन मिळतं, खासगी पायलटचं लायसन म्हणजे पीपीएल १७ नंतर. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) यादीतल्या डॉक्टरकडून क्लास टू मेडिकल सगळ्यात आधी करा. पैसे भरल्यावर मेडिकलमध्ये काही निघालं तर फार मनस्ताप होतो. मग कॉम्प्युटर नंबर (परीक्षेसाठी डीजीसीए देते तो नोंदणी नंबर) काढायचा, परीक्षा द्यायची, पासिंग ७० टक्क्याला आहे. हवामान, नेव्हिगेशन आणि नियम या तिन्हीचा अभ्यास रोज तासभर केला तर होतो, घोकून मात्र होत नाही. आणि एक, पीपीएलवर पैसे घेऊन कोणाला फिरवता येत नाही. हे हौसेचं लायसन आहे, हे घरच्यांना आधीच नीट सांगा.

पैशाचं. पीपीएलला कमीत कमी ४० तास लागतात, त्यातले २० सोलो, म्हणजे विमानात एकट्याने. तासाला १५ हजार धरले तर नुसत्या उडण्याचे ६ लाख झाले, आणि आठवड्यातून एकदाच जाणाऱ्याचे ४० तासात क्वचितच भागतात कारण मधे गॅप पडला की हात विसरतो, त्यामुळे जवळ थोडे जास्तच ठेवा. रेट विचारताना त्यात पेट्रोल धरलंय का, इन्स्ट्रक्टरची फी वेगळी का, लँडिंग चार्ज कोणाकडे, हे सगळं लिहून घ्या. मी पहिल्यांदा एका ठिकाणी सगळी रक्कम एकदम भरून टाकली आणि विमान मेंटेनन्सला गेलं ते चार महिने आलंच नाही. तेव्हापासून दहा-दहा तासांचेच पैसे भरतो, तुम्हीही तसंच करा.

आता आदली रात्र. आपल्याकडे नियम आहे की उडण्याआधी १२ तास दारूला शिवायचं नाही. रात्री लग्नाची वरात किंवा जत्रा असेल आणि सकाळी सातचा स्लॉट असेल तर दोन्हीतलं एकच करा. सर्दी असेल तर जाऊच नका, वर गेल्यावर आणि त्याहून जास्त खाली येताना कान असा दुखतो की रेडिओवर काय चाललंय ते कळत नाही, आणि सर्दीची गोळी घेऊन गेलात तर त्याच्यावर झोप येते. हे शिकवणाऱ्या सरांपासून लपवायचं नाही. झोप पुरेशी आणि सकाळी पोटात काहीतरी पाहिजे, मी दोन केळी आणि भाकरी खाऊन निघतो.

रात्रीच वजनाचं गणित करून ठेवायचं, आणि वजन खरं सांगायचं. आमच्या विमानाचं टेकऑफचं जास्तीत जास्त वजन ७५७ किलो. रिकामं विमान ५२० धरा (प्रत्येक विमानाचं वेगळं असतं, कागद बघा). मी ८४, सर ८८, बॅग ५, म्हणजे पेट्रोलला उरले ६० किलो. विमानाचं पेट्रोल लिटरला साधारण ०.७२ किलो भरतं, म्हणजे ८३ लिटर, आणि टाकीत वापरता येणारं बसतं ९३. म्हणजे टाकी फुल केली की आम्ही ओव्हरवेट. तासाला २२-२३ लिटर जातं, मग एका तासाच्या धड्याला अर्ध्या तासाचं राखीव धरूनही ८३ भरपूर झालं. लाजून पाच-सात किलो कमी सांगणारे मी बघितलेत, विमानाला तुमची लाज कळत नाही हो.

उन्हाळ्यात याच्यात उष्णतेची भर पडते. कराडची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साधारण १९०० फुटांवर आहे, पण एप्रिल-मेमध्ये दुपारी ४० डिग्री झालं की हवा इतकी विरळ होते की विमानाला वाटतं आपण ५३०० फुटांवर उभे आहोत. नाकावरच्या पंख्याला पकड कमी, इंजिनला ताकद कमी, पंखाला उचल कमी, आणि धावपट्टी तेवढीच, साधारण १२८० मीटर. म्हणून पहाटेचा स्लॉट मागून घ्या, मिळत नसेल तर वजन कमी करा. शिवाय दुपारनंतर वळीव येतो. पश्चिमेला ढग फुलकोबीसारखा वर चढायला लागला तर तो किती लांब आहे याचा अंदाज बांधत बसू नका, आज नाही म्हणा आणि चहा प्या.

थंडीत वेगळं. पहाटे कृष्णाकाठी धुकं असतं, घरातून निघताना पलूसला आभाळ स्वच्छ आणि कराडजवळ आलं की समोरचा ट्रक दिसत नाही असं किती वेळा झालंय, त्यामुळे निघायच्या आधी तिथल्या वॉचमनला फोन. नंतर पाचट पेटवतात त्याचा धूर थर धरून बसतो आणि आगाशिवचा डोंगरसुद्धा पुसट दिसतो. पण गळीत हंगामाचा एक फायदा आहे, कारखान्यांच्या चिमण्यांचा धूर कुठल्या बाजूला वाकलाय ते वरून बघितलं की वारा कळतो, विंडसॉक (धावपट्टीजवळची वारा दाखवणारी कापडी पिशवी) दिसायच्या आधीच.

विमानापाशी गेल्यावर घाई नको, आणि बोलत-बोलत तपासणी करू नका, फोन खिशात. टाकीच्या तळातून बाटलीत थोडं पेट्रोल काढायचं. ते निळं दिसलं पाहिजे, वास पेट्रोलचा आला पाहिजे, आणि खाली पाण्याचा बुडबुडा नको. पाणी जड असल्यामुळे तळाला जातं, अर्धी टाकी रात्रभर थंडीत राहिली की आतल्या हवेतलं दव आतच गळतं. एकदा मला वाटाण्याएवढा पाण्याचा थेंब दिसला, सरांनी तीन वेळा काढायला लावलं, शेवटचं स्वच्छ आल्यावरच पुढे. ऑइल काठी पुसून बघायची. मग सुरू केल्यावर १७०० आरपीएमला दोन्ही मॅग्नेटो (इंजिनला ठिणगी देणारे) एकेक बंद करून बघायचे, आरपीएम १२५ पेक्षा जास्त पडले किंवा दोघांत ५० पेक्षा जास्त फरक दिसला तर परत फिरायचं. कंट्रोल हलवून एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी फळी) बरोबर दिशेला जातोय ना हे डोळ्यांनी बघा, हाताला बरोबर वाटलं म्हणून सोडू नका.

सोलो क्रॉसकंट्रीची, म्हणजे एकट्याने दुसऱ्या विमानतळांवर जाऊन यायची, तयारी वेगळी करावी लागते. पीपीएलला ५ तास, आणि त्यात एक प्रवास १५० नॉटिकल मैलांचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण उतरून. मी नकाशावर मोजलंय, कराड-कोल्हापूर-बारामती-कराड साधारण ३६० किलोमीटर होतं, म्हणजे १९० नॉटिकलच्या वर, बसतं. फ्लाइट प्लॅन, हवाई दलाचा एडीसी नंबर (त्यांच्या परवानगीचा) आणि एफआयसी नंबर (उड्डाण माहिती केंद्राचा) मिळाल्याशिवाय निघायचं नाही. कोल्हापूरच्या टप्प्यात बंगलोर हायवे सोबत असतो, पण रस्ता धरून आंधळेपणाने जाऊ नका, घड्याळ आणि हेडिंग (नाकाची दिशा) वहीत लिहा. पश्चिमेला कोयनेच्या बाजूला जमीन झपाट्याने उठते आणि वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आहेत, त्या बाजूला भटकायचं नाही.

उतरल्यावर विमान बांधायचं, कंट्रोल लॉक लावायचं, आणि पिटोटच्या नळीला (हिच्यात शिरणाऱ्या हवेवरून वेग कळतो) कव्हर विसरायचं नाही. कुंभारमाशीला तेवढं भोक पुरतं, ती चिखल भरून घर करते आणि मग पुढच्या माणसाला वेग शून्य दिसतो. लॉगबुक तिथेच उभं राहून भरा, घरी गेल्यावर मिनिटं आठवत नाहीत.