रामदेवराव यादवाच्या काळावर लिहिताना या चुका टाळा

देवगिरीच्या रामचंद्र यादवावर, म्हणजे आपल्या सर्वांच्या तोंडी असलेल्या रामदेवरावावर, हौसेने लिहिलेले लेख मी बरीच वर्षे तपासत आलो आहे आणि त्याच चुका दरवेळी नव्याने दुरुस्त करताना आता जीव मेटाकुटीला येतो.

सर्वांत महागात पडणारी चूक शकाची आहे. एका गावच्या सप्ताहाच्या स्मरणिकेसाठी एका होतकरू तरुणाने लेख दिला होता आणि त्यात ज्ञानेश्वरी ‘इ.स. १२१२’ मध्ये पूर्ण झाली असे ठोकून दिले होते. ग्रंथाच्या शेवटी आहे तो शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०. छपाईची घाई असल्यामुळे मुद्रिते कोणीच नीट वाचली नाहीत आणि चूक माझ्या लक्षात आली तेव्हा पाचशे प्रती बांधून तयार होत्या. रात्री देवळाच्या ओसरीवर बसून आम्ही चौघांनी प्रत्येक प्रतीत त्या ओळीवर दुरुस्तीची चिठ्ठी डकवली. चूक नुसत्या आकड्याची नव्हती. इ.स. १२१२ मध्ये देवगिरीच्या गादीवर रामचंद्राचा पणजोबा सिंघण होता आणि ज्ञानेश्वरीच्या समारोपात तर राज्य करणारा राजा म्हणून रामचंद्राचेच नाव आहे. म्हणजे जन्मालाही न आलेल्या राजाला त्या लेखाने सिंहासनावर बसवले होते. तेव्हापासून माझी सवय अशी आहे की, सालाच्या आकड्याआधी ‘शके’ किंवा ‘इ.स.’ लिहिल्याशिवाय मी पुढचा शब्द लिहीत नाही. इ.स. काढण्यासाठी शकात साधारणपणे ७८ मिळवावेत. पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर ७९. मोबाईलवर झटपट रूपांतर करून मोकळे होणाऱ्यांना माझे सांगणे आहे की, आधी मूळ नोंदीतला महिना वाचा.

दुसरी चूक मला त्याहून अधिक खटकते, कारण तिच्यामुळे पंधरा वर्षांचा इतिहास पुसला जातो. ‘१२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने देवगिरी जिंकली आणि यादवांचे राज्य संपले’ हे वाक्य कोणत्याही लेखात सापडते. त्या वेळी अलाउद्दीन सुलतान नव्हता. तो कडा या उत्तरेतील प्रांताचा सुभेदार होता आणि दिल्लीच्या गादीवर त्याचा चुलता जलालुद्दीन होता. त्याने अफाट खंडणी घेतली आणि तो परतला. रामचंद्र राजाच राहिला. खंडणी थकल्यावर, पुढे सुलतान झालेल्या अलाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर याची स्वारी आली, रामचंद्राला दिल्लीला नेण्यात आले आणि ‘रायरायान’ (राजांचा राजा) हा किताब देऊन परत पाठवण्यात आले. पुढे काफूरच्या दक्षिणेतील मोहिमांना त्याने मदतही केली. हा भाग लिहायला अवघड जातो म्हणून तो गाळणे मला मान्य नाही. इ.स. १२९६ च्या वेढ्यात धान्याची म्हणून साठवलेली पोती मिठाची निघाली, ही गोष्टही जपून वापरावी, कारण ती सांगणारा इतिहासकार फिरिश्ता तीनशे वर्षांनंतर लिहीत होता.

प्रत्येक हेमाडपंती देऊळ यादवांचा मंत्री हेमाद्री याने बांधले असे लिहू नये. अंबरनाथच्या शिवमंदिराचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा आणि शिलाहार राजांचा आहे. हेमाद्री त्यानंतर दोनशे वर्षांनी झाला.

रामचंद्राचा चुलता महादेव याच्यानंतर राज्य सरळ रामचंद्राकडे आले नाही. मध्ये महादेवाचा मुलगा आमण गादीवर होता आणि त्याला हटवून रामचंद्राने इ.स. १२७१ मध्ये सत्ता घेतली.

दौलताबादचा, म्हणजे देवगिरीचा, चांदमिनार यादवांचा नसून पंधराव्या शतकातील बहमनी बांधकाम आहे.

शेवटचा यादव राजा म्हणून रामचंद्राचे नाव देऊ नये. त्याच्यामागे मुलगा शंकरदेव गादीवर आला, खंडणी नाकारून काफूरशी लढताना मारला गेला, आणि त्यानंतर रामचंद्राचा जावई हरपालदेव बंड करून उठला. त्याला इ.स. १३१८ च्या सुमारास पकडून ठार करण्यात आले.