शर्यतीच्या दिवशी नवीन काहीच नको

बौद्धिक दिव्यांग खेळाडू स्पर्धेत अडतो तेव्हा खोट सहसा पायांत नसते. बंदुकीचा आवाज पहिल्यांदाच कानावर पडलेला असतो, बूट परवाच घेतलेले असतात, छातीवरच्या नंबराची पिन टोचत असते. म्हणून सरावात जेवढं धावणं, तेवढीच या सगळ्याची ओळख. पुढचं सगळं १०० ते ४०० मीटर धावणाऱ्यांसाठी आहे.

आधी वाट ठरवा. बौद्धिक दिव्यांगांसाठीच असलेल्या स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये आठ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही धावता येतं. तिथे चाचणी शर्यतीतली वेळ, वय आणि मुलगा-मुलगी पाहून सारख्या कुवतीच्या तीन ते आठ जणांचा गट पाडतात. पॅरालिम्पिकच्या टी-२० गटात (बौद्धिक दिव्यांग धावपटूंचा गट) अशी सोय नाही, तिथे सरळ स्पर्धा. २०२४ साली पॅरिसला भारताच्या दीप्ती जीवनजीने ४०० मीटरचं कांस्य घेतलं ते ५५.८२ सेकंदांत. या वाटेला कागदपत्रंही कडक: बुद्ध्यांक ७५ किंवा त्याखाली, रोजच्या व्यवहारातल्या अडचणींचं मूल्यमापन, आणि हे सगळं लहानपणापासून असल्याचा पुरावा. २००० साली सिडनीला स्पेनच्या बौद्धिक दिव्यांगांच्या बास्केटबॉल संघात दिव्यांग नसलेले खेळाडू निघाले, त्यापायी हा सगळा गट २०१२च्या लंडनपर्यंत पॅरालिम्पिकबाहेर राहिला. शाळेतले जुने अहवाल रद्दीत घालू नका, ते इथे लागतात.

डॉक्टरांकडून निव्वळ 'फिट' लिहून आणू नका. डाउन सिंड्रोम असेल तर हृदय आणि मान वेगळी तपासून घ्या. मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात. चाल अचानक बदलली, हातातली पकड गेली, मान वाकडी धरायला लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर सराव त्याच क्षणी थांबवायचा. शिवाय डाउन सिंड्रोम असलेल्यांच्या हृदयाचा कमाल वेग मुळातच कमी असतो, त्यामुळे '२२० वजा वय' हे सूत्र इथे लागू पडत नाही. धावताना दोन-तीन शब्द बोलता येतात का, एवढं पाहा. फिट्सवरच्या टोपिरामेटसारख्या औषधाने घाम कमी येतो, म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हात अंग लवकर तापतं. एकाग्रतेसाठी मिथाइलफेनिडेट चालू असेल तर ते स्पर्धेच्या काळात उत्तेजक म्हणून बंदी असलेलं औषध आहे. उत्तेजक चाचणी असलेल्या स्पर्धेत उतरणार असाल तर वैद्यकीय सूट आधीच मागा.

सराव किमान आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, एक तास. क्रम रोज तोच. कामांची चित्रं एका कार्डावर चिकटवा आणि झालेलं काम खेळाडूलाच झाकू द्या. सूचना एका वेळी एक, चार-पाच शब्दांची. सांगून झालं की मनात दहापर्यंत मोजा. इथेच बहुतेक प्रशिक्षक चुकतात: तिसऱ्या सेकंदाला तीच सूचना वेगळ्या शब्दांत देतात, आणि समोरच्याला ती दुसरी सूचना वाटते. 'समजलं का?' हा प्रश्न तर टाकूनच द्या, त्याचं उत्तर कायम 'हो' येतं. 'करून दाखव' म्हणा. आणि पंचविशीतल्या खेळाडूला 'बाळा' म्हणू नका. नावाने हाक मारा.

सुरुवातीचा आवाज हा वेगळा धडा. दोन लाकडी फळ्या घ्या. पहिल्या आठवड्यात त्या खेळाडूच्याच हातात द्या. आवाज आपण काढला की भीती निम्मी होते. मग तुम्ही ५० मीटरवरून वाजवा, दर सरावाला थोडं जवळ या, शेवटी दहा मीटरवर. 'ऑन युवर मार्क्स' आणि 'सेट' हे शब्द इंग्रजीतच ठेवा, कारण स्पर्धेतही तेच कानावर पडणार. 'सेट' आणि आवाजामधलं अंतर कधी एक सेकंद, कधी तीन. दरवेळी सारखंच ठेवलंत तर मूल आवाज ऐकत नाही, मनात मोजतं, आणि आधीच सुटतं.

लेन १.२२ मीटर रुंद असते. शिवाजी पार्कच्या मातीत फक्कीने तेवढ्याच रेषा मारून सराव होतो. मात्र शेवटचे दोन आठवडे तरी खऱ्या सिंथेटिक ट्रॅकवर न्या. लाल रंग आणि पायाखालचा वेगळा स्पर्श पाहून काही जण पहिल्या दिवशी पाऊलच टाकत नाहीत. शेवटची रेषा हा 'थांबा' नव्हे, हेही शिकवावं लागतं. रेषेच्या पुढे दहा मीटरवर शंकू ठेवा आणि 'शंकूपर्यंत' एवढंच सांगा. आईला रेषेवर उभं करू नका, लेक तिच्यासमोर येऊन थांबते.

४०० मीटरला नेहमीचं चित्र म्हणजे पहिले शंभर जीव तोडून आणि शेवटचे शंभर चालत. 'सत्तर टक्के जोर लाव' या सांगण्याला इथे अर्थ नाही. दर ५० मीटरला शंकू ठेवा. १०० सेकंदांचं लक्ष्य असेल तर दर साडेबारा सेकंदांनी शिट्टी, आणि शिट्टीला तो शंकूपाशी हवा. दोन आठवड्यांनी एक आड एक शिट्टी गाळा, मग फक्त २०० मीटरला ठेवा, शेवटी तीही काढा. स्पर्धेत बाहेरून शिट्टी मारलीत तर बाद व्हायचा तोच.

चाचणी शर्यतीत हळू धावायला सांगून सोपा गट मिळवण्याची हुशारी करू नका. चाचणीत २० सेकंद आणि अंतिम शर्यतीत १७च्या आत, म्हणजे १५ टक्क्यांहून जास्त सुधारणा. अशा वेळी खेळाडू बाद होऊ शकतो. मर्यादेचा आकडा त्या स्पर्धेच्या नियमपुस्तिकेत पाहून घ्या. चाचणीच्या दिवशी पोट बिघडलं असेल, तर अंतिम शर्यतीआधी जास्त चांगली वेळ लेखी कळवता येते का, ते विचारा.

बूट तीन आठवडे आधी वापरात आणा, नाडीऐवजी वेल्क्रो बरं. छातीवर चार पिनांनी कागद लावून धावण्याचा सराव करा. स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच लोकलने, दिव्यांगांच्या डब्यातून मैदानावर जाऊन या. स्वच्छतागृह कुठे आहे ते त्यालाच शोधू द्या. पाणी मागेल याची वाट पाहू नका, दर वीस मिनिटांनी अर्धा पेला हातात द्या. फिट आली तर कुशीवर वळवा, घड्याळ लावा, तोंडात काही घालू नका. कांदा-चप्पल हुंगवणं तर नाहीच. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८.

शर्यत एका मिनिटाची, पण पदकासाठी दोन तास ताटकळावं लागतं. पोळी-भाजी, कोरडा टीशर्ट आणि ओळखीचं एखादं खेळणं किंवा गाण्यांचा हेडफोन जवळ ठेवा. परतीची लोकल संध्याकाळी पाचच्या आतली धरा.