घोडं घेऊन खानापूरच्या रानात मुक्काम: नवीन आलेल्यांसाठी

मी मूळचा फलटणकडचा. २००७ साली उद्यमबागेत एका फाउंड्रीत नोकरी लागली म्हणून बेळगावला आलो, दोन वर्षांत परत जाऊ म्हणत म्हणत इथंच खानापूर रोडला घर झालं, पोरं शाळेत कन्नड शिकली आणि आता माझं कन्नड घरातच दुरुस्त करतात. हल्ली पुण्या-साताऱ्याकडनं बदलीनं म्हणा, रिटायर होऊन म्हणा, बरेच जण इकडं यायलेत, त्यातले काहीजण सोबत एक-दोन घोडी पण आणतात, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, जांबोटी-कणकुंबीच्या जंगलात घोडा घेऊन तंबू टाकायचा तर बुकिंग कुठं करायचं? फोनवर तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

बुकिंग कुठंच होत नाही. माझा मेव्हणा अमेरिकेत असतो, तिकडं म्हणे फॉरेस्टवाल्यांच्याच कॅम्पग्राउंडात घोड्यांसाठी वेगळे कठडे असतात, ट्रेलर लावायला जागा असते, आणि बऱ्याच जंगलांत तर तणाचं बी नसलेलं सर्टिफिकेटवालं गवतच न्यायचं असा नियम आहे. ते डोक्यात घेऊन इथं आलात तर पहिल्याच गेटवर गाडी वळवावी लागेल. इथलं भीमगड २०११ सालापासून अभयारण्य आहे, १९० चौरस किलोमीटरचं, तिथं परवान्याशिवाय माणसालाच आत जाता येत नाही तिथं घोड्याचं काय घेऊन बसलात. अभयारण्याबाहेरचं राखीव जंगल पण फॉरेस्टचंच, त्यात जनावर घालून रात्र काढली तर केस होऊ शकते. सुरुवातीला मला एका गार्डनं असंच अडवलं होतं, मी जरा आवाज चढवला, आता वाटतं त्याचंच बरोबर होतं.

मग करायचं काय, तर जंगलाच्या आत नाही, कडेला राहायचं, मालकीच्या रानात. खानापूर तालुक्यात भाताची खाचरं थेट झाडीला भिडलेली असतात, दिवाळीनंतर भात कापून झाला की बरीच रानं मोकळी होतात. मोकळी दिसतात म्हणू या, कारण माझ्या एका दोस्तानं मोकळं रान म्हणून दोन घोडी सोडली आणि त्यात मसूर उगवून वर आलेला. इथं भातानंतर त्याच ओलीवर मसूर टाकतात, बोटभर असताना लांबनं दिसत पण नाही. पाचशे रुपये भरून आणि पावशेर कुंदा देऊन सुटला. दुसरं म्हणजे रान खरंच त्या माणसाच्या नावावर आहे का ते बघा, इथं सातबारा म्हणून विचारलं तर कुणाला कळणार नाही, उतारा म्हणा नाहीतर आरटीसी म्हणा. कडेच्या काही जमिनी पिढ्यान्‌पिढ्या कसतात पण कागदावर फॉरेस्टच्या असतात, तिथं तुमच्यामुळं त्या गरिबाच्या मागं लचांड लागायला नको.

खरं सांगू का, या भागात घोड्यासोबत कॅम्पिंग कुणाला येत असेल तर धनगरांना. चिकोडी-रायबागकडचे मेंढपाळ बकरी घेऊन बाहेर पडतात तेव्हा अख्खा संसार तट्टांच्या पाठीवर असतो, भांडी, जाळ्या, कोंबड्या, कधी कधी वर नुकतं झालेलं कोकरू. आज या शेतात, उद्या त्या शेतात, आणि शेतकरी त्यांना हाकलत नाही, उलट बोलावून रानात बकरी बसवून घेतो, खत मिळतं म्हणून, वर धान्य नाहीतर पैसे देतो ते वेगळं. मी जे काही शिकलो ते असल्याच एका म्हाताऱ्या मामाकडनं शिकलो. माझी चंद्री, तेव्हा एकटीच होती, रात्रभर खिंकाळत होती. सकाळी मामा आला, बघितलं आणि म्हणाला, "एकटंच घोडं रानात आणून बांधलंईस व्हय, मग ते रातभर तुलाच हाका मारणार की." म्हणून सांगतो, एक घोडं नेऊ नका. दोन न्या, नाहीतर कुणाचं तरी म्हातारं तट्टू सोबतीला मागून न्या.

आणि लीद हेच तुमचं भाडं. शेतकऱ्याला पैसे विचारले तर लाजेल, पण लीद कुठं टाकू विचारलं तर लगेच जागा दाखवतो. ढीग तसाच ठेवून निघायचं नाही, माश्या होतात, एक तर त्याच्या खताच्या खड्ड्यात टाका नाहीतर पातळ पसरून द्या. फक्त जनावराला काँग्रेस गवत मिसळलेली वैरण घालून आणू नका, बी लिदीतनं जातं आणि पुढच्या पावसाळ्यात त्याचं रान त्या गवतानं भरतं. मेव्हण्याच्या सर्टिफिकेटवाल्या गवताला मी हसलो होतो, पण कारण हेच आहे.

आता बांधायचं कसं, हे नीट वाचा, कारण माझी सगळ्यात मोठी चूक यातच झाली. पहिल्या वर्षी मी चंद्रीला नायलॉनच्या लांब दोरीनं झाडाच्या बुंध्याला बांधलं, चरायला मोकळीक मिळावी म्हणून, आणि तंबूत जाऊन झोपलो. रात्री अडीचच्या सुमाराला धप्प असा आवाज आला. बाहेर येऊन बघतोय तर घोडी आडवी, दोरी मागच्या डाव्या पायात, खुराच्या वर जी खळगी असते नेमकी तिथं, आणि ती झटके मारेल तशी अजून आवळत चाललेली. बॅटरी तोंडात धरली, गाठ सोडायला गेलो तर ती दगडासारखी झालेली, कोयता गाडीत, गाडी खाली रस्त्यावर. शेवटी कांदा चिरायची सुरी घेऊन ती दोरी करवतीसारखी घासत घासत कापली, आणि सगळा वेळ तिच्या डोळ्यातलं पांढरं मला दिसत होतं. सुटली तेव्हा त्या जागेची कातडी गेलेली, आत गुलाबी. धनुर्वाताचं इंजेक्शन, रोज धुणं, आणि दीड महिना खोगीर नाही.

तेव्हापासून मी दोनच प्रकारे बांधतो. एक म्हणजे जुनी अगाडी-पिछाडी, पुढं दोन मेखा, मागं एक, पण ज्या घोड्याला लहानपणापासनं सवय नाही त्याला एकदम पिछाडी लावू नका, घरी आठ-दहा दिवस सवय करा. दुसरी पद्धत म्हणजे दोन झाडांच्या मध्ये डोक्याच्या वर, साधारण ७ फुटांवर, जाड दोरी ताणून बांधायची आणि त्या दोरीला घोड्याची दोरी. झाडाला दोरी डायरेक्ट गुंडाळायची नाही, आधी पोतं घडी करून लावायचं, साल कापली तर झाड मरतं आणि ते झाड फणसाचं असलं तर मग शेतकरीण तुम्हाला पुढच्या वर्षी ओळखत पण नाही. घोड्याची दोरी एवढीच ठेवा की तोंड खालच्या गवतापर्यंत पोचेल पण पाय त्यात अडकणार नाही. नायलॉन नको, सुती घ्या, आणि एका ओढीत सुटणारी गाठ शिका. सुरी कमरेला, गाडीत नाही. जागा पण दर रात्री बदला, एकाच ठिकाणी खूर आपटून मुळं उघडी पडतात.

चंदी-वैरण घरूनच न्या. इथं पश्चिमेला सगळीकडं पिंजराच्या व्हळ्या दिसतात, म्हणजे भाताचा पेंढा हो, लोक प्रेमानं आणून टाकतात पण त्यात घोड्याच्या अंगाला लागण्यासारखं काही नसतं, नुसतं पोट भरतं. उसाचं वाडं तोंडी लावायला ठीक, रोज नको, नेपियर गवत पण तसंच, त्यातनं कॅल्शियम मारलं जातं. चांगला कडबा बैलहोंगल-सौंदत्तीकडनं येतो, तो बेळगावातच गाडीत भरा. आपली तीन-साडेतीनशे किलोची घोडी दिवसाला सहा-सात किलो सुकी वैरण सहज खाते आणि पाणी २५ ते ४० लिटर पिते, म्हणजे बादल्या वाहायच्या किती याचा हिशोब करा. एक साधी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात काय गेलं ते गेलं. हरभरा नीट भिजलेला नसला, किंवा खुराक एकदम बदलला, की पोटशूळ उठतो, घोडं सारखं पोटाकडं बघतं, लोळतं, घामेजतं, आणि जांबोटीच्या पुढं रात्री डॉक्टर कुठला यायला. फिरत्या पशुवैद्यकीय गाडीसाठी १९६२ नंबर आहे तो सेव्ह करून ठेवा, पण रेंज कुठं मिळते ते दिवसाउजेडी बघून ठेवा. बांधायच्या जागेभोवती घाणेरी असेल तर कापून टाका, लिव्हर जातं तिच्यानं. कण्हेर दिसली तर जागाच बदला.

पाण्यावर नेऊन पाजायचं, पण बांधायचं ओढ्यापासनं निदान ६० मीटर लांब. मलप्रभा कणकुंबीत उगम पावते आणि खालची कितीतरी गावं तेच पाणी पितात. आणि साबण लावून घोडं ओढ्यात धुणाऱ्यांशी मी बोलत नाही.

आता तापाचं. डिसेंबरपासनं मेपर्यंत आपल्या शेजारी, सत्तरीत आणि दोडामार्गाकडं, माकडताप येतो, हा शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात १९५७ साली सापडलेला ताप, बारीक गोचिडांमुळं होतो आणि माणूस जाऊ शकतो. म्हणून पालापाचोळ्यावर नुसतं बसायचं नाही, पँट मोज्यात खोचायची, गोचीड लागू नये म्हणून मिळतं ते तेल लावायचं, संध्याकाळी गरम पाण्यानं आंघोळ करून अंग चाचपायचं. घोड्याचे कान, आयाळीखालचा भाग आणि शेपटीचं मूळ रोज बघायचं, खरारा करताना हात फिरवला तरी लागतात. कुठं मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता सरळ सरकारी दवाखान्यात कळवायचं. घोड्याला वेगळाच त्रास, डांस, म्हणजे डास नव्हे, जनावराला चावणारी मोठी माशी, ती चावून सर्रा नावाचा रोग होतो, ताप येतो-जातो, पायांना आणि पोटाखाली सूज येते, खाऊन पण वाळत जातं. पावसाळ्यात आणि त्याच्या लगेच मागं डांस जास्त, म्हणून मी तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत तिकडं फिरकत नाही. जून ते सप्टेंबर तर विषयच नाही, कणकुंबी-आमगावचा पाऊस काय असतो ते एकदा गाडीत बसून बघून या.

रात्री जनावरं येतात. बिबट्या आहे, गवा आहे, अस्वलं तर या तालुक्यात आहेतच, आणि हत्ती दांडेलीकडनं कधी कधी सरकतात. घोडं तुमच्या आधी सांगतं, कान एकाच दिशेला रोवून उभं राहतं आणि नाकातनं जोरात फुर्रर्र करतं. तेव्हा बॅटरी मारत बघायला पुढं जायचं नाही, मोठ्यानं बोलायचं, पत्र्याचा डबा वाजवायचा, घोड्यांच्या जवळ थांबायचं. शेकोटी मी फेब्रुवारीनंतर पेटवतच नाही, गॅसवर चहा करतो, वणवा लागला तर कुणाच्या काजू-बागेची राख होईल. उरलेलं जेवण उघडं ठेवू नका हे सांगायला नको.

कागदपत्रं थोडक्यात. महाराष्ट्रातनं घोडं आणताना हद्दीवरच्या कोगनोळीला पोचायच्या आधी डॉक्टरचं प्रवासाला फिट असल्याचं सर्टिफिकेट हातात पाहिजे. ग्लँडर्सची रक्त तपासणी करून घ्या, हा रोग माणसाला पण होतो, घोड्याला औषधपाण्यानं वाचवायचा प्रकार त्यात नाही, पॉझिटिव्ह घोडं मारावंच लागतं. सॅम्पल हिसारच्या लॅबपर्यंत जाऊ शकतं म्हणून आदल्या दिवशी धावपळ करून होत नाही. अभयारण्याच्या ५ किलोमीटरच्या आतल्या जनावरांचं लसीकरण कायद्यातच आहे, तेव्हा लसीचं कार्ड पण फाईलला लावा.

भाषेचं लोक उगाच टेन्शन घेतात. खानापूरच्या खेड्यात मराठी चालते, चालते काय, तुमच्यापेक्षा गोड बोलतात. पण गार्ड बागलकोट-धारवाडकडचा असतो, त्याला "नमस्कार री" म्हणून गाडीतनं खाली उतरायचं, बसल्या बसल्या बोलायचं नाही. कुदुरे म्हणजे घोडं, नीर म्हणजे पाणी, हुल्लु म्हणजे गवत, बेंकी म्हणजे जाळ, एवढ्यावर माझी पहिली दोन वर्षं निघाली. राजकारणाचे विषय रानात काढू नका, चहा थंड होतो.

पहिला मुक्काम लांब टाकू नका. आधी स्वतःच्या परड्यात दोरी ताणून एक रात्र घोडी बांधा आणि तुम्ही पण बाहेर झोपा, काय विसरलंय ते तिथंच कळतं. मग एक रात्र, तीही ओळखीच्या रानात, घरापासनं तासाभराच्या अंतरावर. आणि निघायच्या दहा दिवस आधी नालबंदाला बोलवा, इकडं वाटा जांभ्या दगडाच्या, ढिला नाल अर्ध्या दिवसात पडतो. दिवाळी झाली की निपाणी-चिकोडीकडं घोडागाडीच्या शर्यती सुरू होतात आणि मग तो नालबंद फोन पण उचलत नाही, म्हणून दसऱ्यालाच सांगून ठेवा.