उन्हाळ्यापूर्वी कूलरची स्वच्छता
जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, म्हणून कूलर होळीच्या सुमारासच उघडावा. प्लग काढून टाकीतील गाळ उपसावा. बोअरच्या जड पाण्यामुळे पंपाच्या जाळीवर आणि नळ्यांच्या छिद्रांत बसलेला पांढरा क्षार लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर भिजवल्यावर जुन्या टूथब्रशने सुटतो. खिळ्याने टोकरू नये, कारण छिद्रे मोठी झाल्यास पाणी गवतावर सारखे पसरत नाही. काळे, कुबट गवत बदलावेच; ते धुऊन पुन्हा वापरण्याची काटकसर मला तरी पटत नाही. हंगामभर दर आठवड्याला टाकी रिकामी करून तिच्या कडा घासाव्यात, कारण डेंग्यूचे डास पाण्यालगतच्या कडेवर अंडी घालतात आणि नुसते पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत.